वादळाच्या अखेरीची वीज : धन विद्युत्पाताची घडण

(इयत्ता ५ वी ते ८ वीच्या सामान्य विज्ञानाच्या पाठांसाठी शिक्षकांस पूरक विवेचन)

१. विषयाचे प्रयोजन

आपल्या वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत पावसाचे येणे आणि जाणे ही दोन्ही विजेच्या साक्षीने होतात. रोहिणी-मृगाच्या सरी गडगडाटासह येतात. आषाढ-श्रावणातील झड त्या मानाने शांतपणे पडते. आणि हस्त-चित्रा नक्षत्रांत, सोयाबीनची सोंगणी ऐन रंगात आली असता, परतीचे मेघ पुन्हा कडाडू लागतात. फाल्गुन-चैत्रातील अवकाळी पाऊस तर आहेच. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रात सर्वदूर झालेली गारपीट शेतकऱ्यांच्या स्मरणातून अद्याप गेलेली नाही.

या काळात शेतात, धुऱ्यावर आणि पांदणीने जाणारी-येणारी माणसे उघड्यावर असतात. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदींप्रमाणे भारतात वीज पडून २०२१ साली २,८८० आणि २०२२ साली २,८८७ माणसे दगावली. यांत शेतात राबणाऱ्या ग्रामीण जनांचा भरणा मोठा आहे. म्हणून विजेचा पाठ हा केवळ परीक्षेपुरता पाठ मानता येत नाही.

खेड्यातील शिक्षकापुढे हा विषय दोन वाटांनी येतो. विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, वीज पडते म्हणजे काय होते?" त्याचे उत्तर द्यावे लागते. दुसरे असे की, आकाशात मेघ दाटले असता तांड्या-वस्त्यांवरून चालत येणाऱ्या मुलांना घरी केव्हा सोडावे, याचा निर्णय शिक्षकालाच करावा लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजल्यास दुसऱ्याचे उत्तर त्यातूनच निघते. प्रस्तुत लेखात विशेषतः अशा विजेचा विचार केला आहे की, जी वादळ ओसरल्यासारखे वाटत असताना पडू शकते. तिला धन वीज म्हणतात.

पाठ्यपुस्तकांतून सामान्यतः असे शिकविले जाते की, मेघाच्या तळाशी ऋण प्रभार साठतो, त्याच्या प्रभावाने जमिनीवर धन प्रभार प्रकट होतो आणि दोहोंमध्ये विद्युत्विसर्जन घडते. हे विवेचन योग्य आहे. जमिनीवर पडणाऱ्या दहा विजांपैकी सुमारे नऊ विजांना ते लागू पडते. उरलेल्या एका विजेला मात्र ते लागू पडत नाही.

२. मेघात प्रभार वेगळे कसे होतात

तापलेल्या भूमीवरील दमट हवा वर चढते, थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे जलकण बनतात. गर्जन्मेघाचा तळ आपल्याकडे जमिनीपासून एक-दोन किलोमीटरांवर असतो, तर माथा १२ ते १५ किलोमीटरांपर्यंत पोहोचतो. उन्हाळ्यात सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंश सेल्सिअसला येते. त्याच्या वर जलकण तत्काळ गोठत नाहीत; शून्याखालील तापमानातही ते काही काळ द्रवरूपच राहतात. अशा अतिशीत जलकणांच्या संगतीत दोन प्रकारचे हिमकण वावरत असतात : एक, हलके व बारीक हिमस्फटिक, दुसरे, अतिशीत जलकण अंगावर गोठून जड झालेल्या मऊ गारा.

वर चढणारी हवा हलक्या स्फटिकांना आपल्याबरोबर नेते. जड गारा मागे राहतात किंवा खाली घसरतात. या जाण्या-येण्यात त्यांची असंख्य वेळा टक्कर होते. टक्कर झाली की प्रभाराची देवघेव होते. सुमारे उणे दहा ते उणे पंचवीस अंश तापमानाच्या थरात गारेकडे ऋण प्रभार राहतो आणि स्फटिक धन प्रभार घेऊन निघून जातो. स्फटिक वर गेल्यामुळे माथा धन होतो. गारा मध्यावर राहिल्यामुळे मध्यभाग ऋण होतो. धान्य उफणताना वारा भुसा दूर नेतो व दाणा जवळच पडतो. येथे वाऱ्याचे काम मेघातील उर्ध्वगामी प्रवाह करतो.

कमी उंचीवर, जेथे तापमान तितके थंड नसते, तेथे हीच गार धन प्रभार घेते. त्यामुळे मेघाच्या तळाशी धन प्रभाराचा एक लहान साठा असतो.

३. तीन थरांचा शोध

या रचनेच्या शोधाचा इतिहास भारताशी निगडित आहे. जॉर्ज क्लार्क सिम्पसन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९०६ साली भारतीय हवामान खात्यात दाखल झाले. सिमल्यास त्यांनी पावसाच्या थेंबांवरील प्रभार मोजला आणि १९०९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पावसाने खाली आणलेला प्रभार बहुतांशी धन असल्याचे त्यांना आढळले. त्यावरून मेघाचा खालचा भाग धन असावा, असे त्यांचे मत झाले. सी. टी. आर. विल्सन यांनी जमिनीवरील विद्युत्क्षेत्राच्या मापनांवरून याच्या उलट मत मांडले : माथा धन व खालचा भाग ऋण. हा वाद पुष्कळ वर्षे चालला. अखेर १९३७ साली सिम्पसन यांनीच स्क्रेझ यांच्या सहकार्याने, फुग्यांबरोबर मेघात उपकरणे सोडून मिळविलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तेव्हा असे दिसून आले की माथा धन, मध्य ऋण आणि तळाशी लहानसा धन, अशी त्रिस्तर रचना असते. सिमल्याच्या पावसातील धन प्रभार आणि विल्सन यांची मापने ही दोन्ही खरी होती. प्रत्येकाला रचनेचा एक भाग दिसला होता. शास्त्रातील वाद मापनाने कसा मिटतो, याचे हे उदाहरण वरच्या इयत्तांतील मुलांना अवश्य सांगावे.

४. नेहमीची ऋण वीज

जमिनीवरील माणसाच्या दृष्टीने मेघाचा मध्यस्तर हा जवळचा व बलवान प्रभार होय. माथ्यावरील धन प्रभार त्याच्याहून दूर असतो आणि मधला ऋण थर त्याला जणू पडद्याआड ठेवतो. यास्तव जमिनीवर सामान्यतः ऋण प्रभाराचाच प्रभाव जाणवतो आणि वीजही ऋण प्रभारच खाली आणते.

प्रथम मेघातून एक अग्रगामी विसर्जन निघते. मुलांना त्याला वाटाड्या म्हणावयास हरकत नाही. ऋण वाटाड्या काही दशक मीटरांच्या टप्प्यांनी, क्षणभर थबकत, फाटे फोडीत खाली येतो. तो जमिनीजवळ आला की झाड, मंदिराचा कळस, विजेचा खांब, किंवा मोकळ्या वावरात उभा असलेला माणूस यांच्या टोकांपासून वरच्या दिशेने विसर्जने निघतात. त्यांपैकी एकाची वाटाड्याशी गाठ पडली की मार्ग पूर्ण होतो आणि प्रचंड प्रवाह त्यातून वाहतो. यालाच परतीचा आघात म्हणतात. आपल्या डोळ्यांना जो लखलखाट दिसतो, तो याचाच. त्या मार्गातील हवेचे तापमान सुमारे तीस हजार अंशांपर्यंत जाते. हवा एकदम प्रसरण पावते आणि गडगडाट ऐकू येतो. ऋण विजेत एकाच मार्गाने बहुधा तीन ते पाच आघात लागोपाठ होतात. त्यामुळे ती लुकलुकल्यासारखी दिसते.

५. धन वीज केव्हा संभवते

माथ्यावरील धन प्रभाराला जमिनीची वाट मोकळी व्हावयाची, तर मधला पडदा दूर व्हावा लागतो, विरळ व्हावा लागतो, किंवा रचनाच उलटी असावी लागते. शास्त्रज्ञांनी वर्णिलेल्या परिस्थितींपैकी शिक्षकांनी ध्यानी घ्याव्यात अशा चार आहेत.

पहिली परिस्थिती वाऱ्याची. खालच्या थरातील वारा मंद आणि वरच्या थरातील वारा वेगवान असेल, तर मेघाचा माथा पुढे झुकतो. लोहाराच्या ऐरणीसारखा पसरलेला हा माथा आपण पुष्कळदा पाहतो. अशा वेळी धन प्रभार ऋण प्रभाराच्या थेट वर न राहता बाजूला सरकतो आणि त्याच्या खाली मोकळी जमीन येते. हिवाळ्याच्या व वसंताच्या काळात उत्तर व मध्य भारतावर उंचावरून वेगवान पश्चिमी वारे वाहत असतात. त्यामुळे अवकाळी वादळांत मेघ असा कलण्यास अनुकूलता असते.

दुसरी परिस्थिती वादळाच्या उतरत्या अवस्थेची. वर चढणारा प्रवाह मंदावला की नवा प्रभार तयार होणे थांबते. ऋण प्रभार वाहणाऱ्या गारा वितळून पावसाबरोबर खाली येतात. काही ऋण प्रभार आधीच्या विजांनी खर्ची पडलेला असतो. माथ्यावरचे हलके स्फटिक मात्र आपला धन प्रभार घेऊन पुष्कळ वेळ तरंगत राहतात. पडदा विरळ होतो व माथा उघडा पडतो. या काळात जमिनीवरील विद्युत्क्षेत्राची दिशा पालटते, हे मापनांनी सिद्ध आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील एस. डी. पवार व ए. के. कामरा यांनी उष्ण कटिबंधातील वादळांच्या अखेरीस होणाऱ्या या आंदोलनांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला आहे.

तिसरी परिस्थिती विस्तीर्ण मेघसमूहांची. कित्येक गर्जन्मेघ एकत्र येऊन त्यांची रांग बनते, तेव्हा तिच्या मागे रिमझिम पावसाचा शेकडो किलोमीटर पसरलेला सपाट मेघथर राहतो. त्यात धन प्रभाराचे आडवे थर असतात आणि तेथून बलाढ्य धन विजा निघतात. पुढे जोराचा पाऊस पडून गेला आणि मागे शांत रिमझिम चालू आहे, असे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. ती रिमझिम निर्धोक समजू नये.

चौथी परिस्थिती उलट्या रचनेची. काही तीव्र, गारपिटीच्या वादळांत मध्यस्तरच धन असतो आणि त्यातून वीज सरळ खाली येते. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील हिवाळी वादळांत मेघ ठेंगणे असल्यामुळे प्रभार जमिनीजवळ असतो. तेथेही धन विजांचे प्रमाण मोठे आढळते.

६. धन वीज खाली कशी येते

विजेचा मार्ग एकाच टोकाने वाढतो, असा सर्वसाधारण समज असतो. हाइन्झ कासेमिर यांनी १९५० साली असे प्रतिपादन केले की, विसर्जनाचा मार्ग दोन्ही टोकांनी एकाच वेळी वाढतो : एक टोक धन, दुसरे ऋण. पुढील निरीक्षणांनी त्यास पुष्टी मिळाली. धन विजेत ऋण टोक मेघातील धन प्रभाराच्या थरात आडवे पसरत जाते आणि वडाच्या पारंब्या सर्व बाजूंनी पसराव्यात तसे फाटे फोडून दूरदूरचा प्रभार एका मार्गात आणते. धन टोक त्याच वेळी जमिनीकडे उतरते. म्हणूनच धन वीज पडण्यापूर्वी मेघात पुष्कळ वेळ आडवी चमक चाललेली असते.

धन वाटाड्याची चालही निराळी असते. ऋण वाटाड्याच्या टोकापासून इलेक्ट्रॉन पुढील थंड हवेत बाहेर फेकले जातात. त्यांना वाट नव्याने करावी लागते, म्हणून तो टप्प्याटप्प्याने येतो. धन वाटाड्याच्या बाबतीत भोवतालच्या हवेतील इलेक्ट्रॉन टोकाकडे ओढले जातात. त्यामुळे कमी तीव्रतेच्या विद्युत्क्षेत्रातही तो पुढे सरकू शकतो आणि त्याची गती अधिक सलग असते.

येथे एक गोष्ट मुलांना स्पष्ट करून सांगावी. 'धन प्रभार जमिनीवर येतो' असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात जमिनीतील इलेक्ट्रॉन मार्गाने वर मेघाकडे जातात. परिणाम मात्र धन प्रभार खाली आल्यासारखाच होतो.

७. तिचे सामर्थ्य

स्वित्झर्लंडमधील सान साल्वातोरे या डोंगरावर मनोरे उभारून कार्ल बर्गर यांनी अनेक वर्षे विजेचे प्रवाह मोजले. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांप्रमाणे मध्यम प्रतीच्या ऋण विजेचा सर्वोच्च प्रवाह सुमारे ३०,००० अँपिअर, तर धन विजेचा ३५,००० अँपिअर आढळला. यावरून दोहोंत फारसा भेद दिसत नाही. परंतु सर्वांत प्रबळ पाच टक्के विजा घेतल्या, तर ऋण वीज ८०,००० अँपिअरच्या पुढे जाते आणि धन वीज २,५०,००० अँपिअरच्या पुढे. एकूण वाहून आणलेला प्रभार पाहता ऋण विजेत तो सुमारे ७.५ कूलोम आणि धन विजेत सुमारे ८० कूलोम भरला.

धन विजेत बहुधा एकच आघात होतो. पण त्यानंतर प्रवाह लगेच थांबत नाही. सेकंदाच्या काही शतांशांपासून काही दशांशांपर्यंत तो वाहत राहतो. क्षणिक आघाताने लाकूड फुटते. रेंगाळणाऱ्या प्रवाहाने ते पेटते. सोंगून ठेवलेल्या सोयाबीनची सुडी, कडब्याची गंजी किंवा गवताने शाकारलेला कोठा पेटण्याचे भय अशा विजेपासून अधिक असते.

दिनांक १७ एप्रिल १९९९ रोजी इंग्लंडमध्ये डन्स्टेबलजवळ एका ग्लायडर विमानावर धन वीज पडली आणि ते हवेतच विदीर्ण झाले. आतील दोघेही हवाई छत्रीच्या साहाय्याने उतरून वाचले. ६ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत मेघांच्याही वर, वातावरणाच्या उंच थरात, क्षणार्ध चमकणाऱ्या तांबूस ज्योतींचे प्रथमच चित्रण झाले. त्या ज्योती बहुधा बलाढ्य धन विजांच्या पाठोपाठ प्रकट होतात, असे पुढे दिसून आले. मेघथरात आडवी धावणारी वीज किती लांब असू शकते, याचा विश्वविक्रम २०२५ साली जागतिक हवामान संघटनेने मान्य केला. अमेरिकेत २२ ऑक्टोबर २०१७ रोजी झालेल्या त्या एका विजेची लांबी ८२९ किलोमीटर होती. वाशीमहून मुंबई यापेक्षा पुष्कळच जवळ आहे.

८. काही गैरसमजांचे निरसन

(अ) निरभ्र आकाशातून पडणारी वीज. पाऊस नसलेल्या जागी, डोक्यावर मेघ नसताना वीज पडल्याचे ऐकिवात येते. ती धन वीजच असली पाहिजे, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु अशा विजांच्या ज्या नोंदी झाल्या आहेत, त्यांत बहुतेक ऋण आहेत. त्या मेघाच्या कुशीतून बाहेर पडून आडव्या जातात आणि काही किलोमीटर दूर खाली उतरतात. मुलांनी एवढेच ध्यानात ठेवावे की, गडगडाट ऐकू येत असेल तेवढ्या अंतरात वीज कोठेही पडू शकते.

(आ) डोळ्यांनी ओळख. चमकणारी वीज धन की ऋण, हे पाहून ठरविता येत नाही. त्यासाठी विजेने उत्पन्न केलेल्या रेडिओ लहरींची नोंद घेणारे संवेदक लागतात. लहरीच्या पहिल्या झोक्याच्या दिशेवरून प्रकार कळतो आणि अनेक केंद्रांवर ती पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून जागा कळते. पुण्याच्या वर उल्लेखिलेल्या संस्थेने अशा केंद्रांचे जाळे उभारले असून, भ्रमणध्वनीवरील 'दामिनी' ॲपद्वारे आपल्या सभोवारच्या २० व ४० किलोमीटर परिसरातील विजेची सूचना मिळते. प्रत्येक शाळेत निदान एका शिक्षकाने तरी ते घेऊन ठेवावे.

(इ) पायाळू माणूस व मामा-भाचे. पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते, मामा-भाचे एका झाडाखाली उभे राहिले तर वीज पडते, असे समज आपल्याकडे रूढ आहेत. वीज जन्माची रीत किंवा नाते जाणत नाही. ती उंची, टोकदारपणा आणि विद्युत्वाहकता यांच्या नियमाने जाते. या समजांची थट्टा न करता शिक्षकांनी मुलांना विचारावे की, ते दोघे कोठे उभे होते? उत्तर 'झाडाखाली' असे येईल. खरे कारण तेथे आहे.

९. वर्गात पाठ कसा घ्यावा

साहित्य : प्लॅस्टिकची फणी, कागदाचे कपटे, तांबडा व निळा खडू, तांबड्या व निळ्या कागदाच्या पट्ट्या.

प्रथम कोरड्या केसांवरून फणी फिरवून ती कपट्यांजवळ न्यावी. कपटे उडून चिकटतात. घर्षणाने प्रभार वेगळे होतात, हे मुलांकडून वदवून घ्यावे. हा प्रयोग दमट हवेत फसतो. म्हणून तो हिवाळ्यात किंवा मार्च महिन्यात करावा.

नंतर फलकावर उंच मेघ काढून माथ्यास तांबडी, मध्यास निळी आणि तळाशी लहानशी तांबडी, अशी चिन्हे भरावीत.

यानंतर मुलांचाच मेघ करावा. तांबड्या पट्ट्या लावलेली काही मुले मागे बाकावर उभी करावीत, ती माथा. त्यांच्यापुढे निळ्या पट्ट्यांची मुले जमिनीवर दाटीने उभी करावीत, ती मध्यस्तर. समोर खाली बसलेली मुले ही भूमी. तळाचा लहान धन साठा या खेळात वगळावा. भूमीवरील मुलांना विचारावे, "तुम्हांला जवळ कोण दिसते?" ती "निळे" म्हणतील. आता माथ्याच्या मुलांना बाजूस सरकून उभे राहण्यास सांगावे. त्यांच्या समोर बसलेल्या भूमीला तांबडे दिसू लागेल. हा कललेला मेघ. मग माथा पूर्ववत करून मध्यस्तरातील बहुतेक मुलांना एकेक करून खाली बसवावे, तो पाऊस. आता समोर पुन्हा तांबडे दिसेल. ही वादळाची अखेर. एवढ्याने चौथ्या-पाचव्या इयत्तेच्या मुलासही धन विजेचे मर्म कळते.

अखेरीस अंतर मोजण्याचा सराव घ्यावा. ध्वनी एक किलोमीटर जाण्यास सुमारे तीन सेकंद घेतो. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांस तीनने भागले की अंतर किलोमीटरांत मिळते. नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर.

१०. शाळा सोडण्याची वेळ

वादळ भरात असताना सर्वच जण सावध असतात. मुलांना कोणी बाहेर जाऊ देत नाही. धोका निर्माण होतो तो पाऊस ओसरल्यावर. चमक विरळ होते, पश्चिमेस उजाडते, मुले दप्तरे आवरतात, आणि ओढ्याला पाणी चढण्याच्या आत पोहोचावे म्हणून घाई सुरू होते. पाचव्या भागात पाहिल्याप्रमाणे माथ्यावरील धन प्रभार उघडा पडण्याचा काळ नेमका हाच होय. अखेरीची प्रत्येक वीज धन असते, असे नाही; आणि ऋण वीजही तितकीच प्राणघातक आहे. परंतु विजांची संख्या घटली म्हणजे धोका त्याच प्रमाणात घटला, हा हिशेब चुकीचा ठरतो.

यास्तव पुढील नियम शाळेत पाळावेत :

१. चमक व गडगडाट यांत तीस सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असेल, तर सर्व मुलांस पक्क्या इमारतीत घ्यावे. मैदानावरील खेळ व कवायत तत्काळ थांबवावी.

२. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून पूर्ण तीस मिनिटे लोटल्याशिवाय शाळा सोडू नये. मध्येच पुन्हा गडगडाट झाल्यास वेळ नव्याने मोजावी. घड्याळाची वेळ फलकावर लिहून ठेवावी, म्हणजे पालकांच्या आग्रहासही उत्तर राहील.

३. आत असताना मुलांना खिडकीच्या गजांपासून, नळापासून, विजेच्या बटणांपासून व ओलसर भिंतींपासून दूर बसवावे. उघडा व्हरांडा आणि चारी बाजूंनी मोकळे टिनाचे छप्पर यांना आसरा समजू नये.

४. वाटेत वादळाने गाठल्यास निंब, आंबा किंवा बाभळीखाली थांबू नये. जवळच्या पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. असा आसरा नजरेत नसेल, तर उंचवटा, तारेचे कुंपण व पाणी टाळावे, घोळका मोडावा आणि पाय जुळवून खाली बसावे. आडवे पडू नये.

५. पाय का जुळवावयाचे, ते समजावून द्यावे. वीज पडलेल्या जागेपासून प्रवाह जमिनीतून सभोवार पसरतो. दोन पाय दूर असतील, तर दोन जागांच्या विद्युद्दाबांतील फरकामुळे प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघतो. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक, आणि मार्गात हृदय. म्हणून झाडाखाली बांधलेली गुरे एकदम दगावतात.

६. विजेचा आघात झालेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला ताबडतोब हात लावावा. श्वास व नाडी थांबली असल्यास छातीच्या मध्यभागी जोराने व भरभर दाब देत राहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मृत समजून सोडून दिलेली माणसे अशा प्रयत्नाने वाचू शकतात.

७. शाळेच्या इमारतीवर वीज अटकाव यंत्र असल्यास त्याची पट्टी तुटलेली नाही ना व जमिनीतील जोडणी गंजलेली नाही ना, याची पाहणी उन्हाळी सुटीपूर्वी आणि शाळा उघडल्यावर करून घ्यावी.

हे नियम ग्रामसभेत व पालक सभेतही वाचून दाखवावेत. सोंगणीच्या दिवसांत मुलांमार्फत ते घरोघर पोहोचतात. शेतातून परतण्याची घाई करणाऱ्या वडिलांना मुलगा 'अजून अर्धा तास थांबा' असे सांगू लागला, तर पाठ सफल झाला.

स्वाध्याय

१. मेघाच्या माथ्यावर धन प्रभार कसा पोहोचतो?
२. ऋण विजा अधिक व धन विजा कमी का असतात?
३. मेघ कलल्यामुळे काय घडते? आकृती काढून दाखवा.
४. चमकेनंतर बारा सेकंदांनी गडगडाट ऐकू आला. वीज किती दूर पडली? शाळेने काय करावे?
५. दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी शेवटचा गडगडाट ऐकू आला; पुन्हा ३ वाजून ५५ मिनिटांनी एक ऐकू आला. शाळा लवकरात लवकर केव्हा सोडता येईल?
६. तुमच्या गावात वीज पडलेल्या जागा वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा. तेथे काय होते : झाड, खांब, उंचवटा की मोकळे वावर? वर्गात एकत्रित तक्ता तयार करा.